सेकंड हँड बाइक घेताय? रोज चालेल आणि मजाही देईल अशी जुनी मोटरसायकल कशी निवडायची

नवी १५०-१६० सीसीची बाइक घ्यायची म्हटलं की रस्त्यावर येईपर्यंत सव्वा ते दीड लाख सहज लागतात. त्याच्या निम्म्या पैशांत जुन्या बाजारात चांगली गाडी मिळते. ती नुसती कॉलेज-ऑफिसला नेणारी नाही, तर चालवताना मजा देणारीही असू शकते. अडचण एवढीच की मोबाइलवर जाहिराती चाळताना आपण आधी मॉडेलच्या प्रेमात पडतो आणि मग त्या मॉडेलची जी पहिली स्वस्त गाडी दिसेल तिच्या मागे लागतो.

ऑफिसमधल्या मित्रांसोबत बऱ्याच जुन्या गाड्या बघून झाल्यावर माझं मत असं झालंय: मॉडेल तुमच्या रोजच्या रस्त्यावरून ठरवा, आणि पैसे मात्र त्या एका गाडीच्या इतिहासाला द्या. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या आठ वर्षांनी इतक्या वेगळ्या झालेल्या असतात की 'अमुक बाइक चांगली का तमुक' या वादाला फारसा अर्थ राहत नाही. खाली साधारण पन्नास ते ऐंशी हजारांचं बजेट धरून लिहितोय.

बाइकचा स्वभाव येतो कुठून?

एखादी बाइक जिवंत वाटते आणि दुसरी नुसतीच चालते. यामागे बऱ्याचदा इंजिनची दोन मापं असतात. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जेवढं अंतर जातो ते.

२००९ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०चं माप आहे ७० बाय ९० मिलिमीटर. केटीएम ड्यूक २००चं आहे ७२ बाय ४९. पिस्टनची रुंदी जवळपास सारखीच, पण क्लासिकच्या पिस्टनला प्रत्येक फेरीत जवळजवळ दुप्पट अंतर कापावं लागतं. साहजिकच तो तेवढ्या वेगाने फिरू शकत नाही. क्लासिकची जास्तीत जास्त पॉवर सुमारे ५,२५० आरपीएमला येते, ड्यूकची १०,००० ला. गंमत म्हणजे कॅल्क्युलेटर घेऊन हिशोब केलात तर त्या क्षणी दोन्ही पिस्टनांचा सरासरी वेग जवळपास एकच निघतो, सेकंदाला १६ मीटरच्या आसपास. दोघंही सारखेच पळतायत, फक्त एकाच्या ढांगा लांब आणि दुसऱ्याच्या छोट्या.

आता टॉर्क बघा. क्लासिक २८ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० आरपीएमला देते, ड्यूक १९ न्यूटन-मीटर ८,००० ला. ड्यूकची पॉवर क्लासिकपेक्षा जास्त आहे, पण ती वरच्या आरपीएममध्ये लपलेली आहे. सिग्नल ते सिग्नल, खड्डे, मध्येच आलेली रिक्षा अशा रस्त्यावर तुम्ही ८,००० आरपीएमला किती वेळ असता? पुण्यात कर्वे रोडला संध्याकाळी सात वाजता जवळपास नाहीच. तिथे क्लासिक तिसऱ्या गिअरमध्ये निवांत चालत राहते आणि ड्यूकवाला सारखा क्लच दाबत बसतो. हीच ड्यूक रिकाम्या घाटात न्या, मग कोण हसतंय ते कळेल.

म्हणून जाहिरातीत हॉर्सपॉवर बघू नका, जास्तीत जास्त टॉर्क किती आरपीएमला येतो ते बघा. रोजच्या बाइकचा स्वभाव तिथे कळतो.

माझी यादी, आणि त्यातली भांडणं

बजाज ॲव्हेंजर २२०. रुपयामागे सगळ्यात जास्त स्वभाव मला हिच्यात दिसतो, आणि लोक हिला नावं ठेवतात म्हणूनच ती स्वस्त मिळते. सीटची उंची ७४० मिलिमीटरच्या आत आहे, त्यामुळे उंची कमी असलेल्यांचे पाय आरामात टेकतात. इंजिन पल्सरच्या घराण्यातलं आहे, म्हणून तालुक्याच्या गावीसुद्धा मेस्त्रीला ती उघडता येते आणि पार्ट मिळतात. तोटा असा की गाडी लांब आहे, गर्दीत वळवताना जागा लागते आणि मोठ्या खड्ड्यात कमरेला हिशोब द्यावा लागतो.

सुझुकी जिक्सर १५५. २०१४ साली आली. वजन १३५ किलोच्या आसपास, टॉर्क १४ न्यूटन-मीटर. कागदावर काही खास नाही. पण ही गाडी वळणात जशी पडते आणि उठते, तो हिचा स्वभाव. मी स्वतः जुनी घेतलेली जिक्सरच रोज चालवतो, त्यामुळे इथे मी थोडा पक्षपाती आहे असं समजा. पार्ट मिळतात, पण ॲव्हेंजर-पल्सरइतके कोपऱ्याकोपऱ्यावर नाही.

टीव्हीएस अपाचे आरटीआर १६०. ६२ बाय ५२.९ चं इंजिन, त्यामुळे वर फिरायला आवडतं. जुन्या दोन व्हॉल्व्हच्या आरटीआरमध्ये वरच्या आरपीएमला हाता-पायाला झिणझिण्या येतात. काहींना तीच मजा वाटते. रोज एका बाजूला वीस किलोमीटरपेक्षा जास्त जाणार असाल तर टेस्ट राइड जरा लांब घ्या आणि मग ठरवा.

क्लासिक ३५० या बजेटमध्ये मिळेल, पण वर्ष जुनं असेल. २०२१ च्या आधीच्या क्लासिकमध्ये जुनं इंजिन आहे, नंतरच्या गाडीत नवीन जे-सिरीजचं ३४९ सीसी इंजिन आणि कंप कमी करणारा बॅलन्सर आला. 'धकधक' हवी म्हणून लोक मुद्दाम जुनं शोधतात. एवढंच लक्षात घ्या की १९० किलोच्या आसपासची गाडी रोज पार्किंगमध्ये मागे ओढायची आहे.

ड्यूक २०० घेताना मात्र माझा हात आखडतो. गाडी उत्तम आहे, चाकणलाच बनते. पण ज्यांनी ती आधी चालवली त्यातल्या बऱ्याच जणांनी ती जपून चालवलेली नसते, ट्रॅफिकमध्ये रेडिएटरच्या फॅनची गरम हवा पायावर येते, आणि पार्टचं बिल पल्सरवाल्याला झेपेल असं नसतं. एका हातची, सर्व्हिसची सगळी बिलं असलेली मिळाली तरच बघा.

आणि आरएक्स १००? हा प्रश्न येणारच. ९८ सीसी, ५० बाय ५० चं टू-स्ट्रोक इंजिन, ११ पीएस, आणि जेमतेम शंभर किलोच्या आसपासचं वजन. त्या आवाजाला आणि त्या उडीला अजून तोड नाही. पण भारतात तिचं उत्पादन १९९६ साली थांबलं. म्हणजे आज मिळणारी प्रत्येक आरएक्स १०० पंचवीस वर्षांपेक्षा जुनी आहे. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असतं आणि मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, सोबत पर्यावरण कर. अनेक आरएक्सचं हे पुन्हा पासिंग झालेलंच नसतं, काहींमध्ये इंजिन दुसऱ्याच गाडीचं असतं. शौक म्हणून, दुसरी गाडी म्हणून जरूर घ्या. सोमवारी सकाळी साडेनऊची मीटिंग तिच्या भरवशावर ठेवू नका.

दोन तारखा मॉडेलपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं. पावसाळ्यात तेल सांडलेल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला, तर चाक लॉक होऊन पडणं आणि न पडणं यातला फरक तो आहे. दहा हजार जास्त द्यावे लागले तरी मी एबीएसवाली निवडेन. दुसरी तारीख १ एप्रिल २०२०, बीएस-६. यानंतरच्या जवळपास सगळ्या बाइकमध्ये कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. कार्बोरेटर कुठलाही मेस्त्री साफ करतो, इंजेक्शनच्या सेन्सरला स्कॅनर लागतो. पण रोज सकाळी चोक ओढत बसायचं नसेल तर इंजेक्शन सुखाचं.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतं. ते पाणीही शोषून घेतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते. ते बदललेत का, हे विचारा. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजलेली असू शकते.

घरातून निघण्याआधी: नंबर टाका

विक्रेत्याकडून गाडीचा नंबर मागा. द्यायला का-कू केली तर तिथेच विषय संपवा. नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकलात की रजिस्ट्रेशनची तारीख, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडीवर कर्ज आहे का, हे दिसतं. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, पण विक्रेत्याच्या नावाशी जुळतंय का एवढं कळतं. 'मित्राची गाडी आहे, मी विकून देतोय' असं असेल तर मालकाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. थकलेली ई-चलानं महाट्रॅफिक ॲपवर बघा. काही गाड्यांवर चलानांची रक्कमच पाच आकड्यांत असते.

विम्याची एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे २०१९-२० च्या गाड्यांच्या मालकांना विमा भरायची सवयच राहिलेली नाही, आणि पाच वर्षं कधीच उलटून गेलेली असतात. संपलेल्या विम्याच्या गाडीवर टेस्ट राइडसुद्धा घेऊ नका.

नंबरप्लेटवरचा जिल्हाही काही सांगतो. एमएच-०७, एमएच-०८ म्हणजे सिंधुदुर्ग, रत्नागिरी. किनाऱ्यावरची खारी हवा सायलेन्सर आणि सीटखालची फ्रेम खाते. एमएच-०९, एमएच-१० म्हणजे कोल्हापूर, सांगली. तिथल्या चांगल्या गाड्या पुष्कळ आहेत, पण २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून चकचकीत दिसते. वायरिंग मात्र वर्षभर रोज नवा त्रास देत राहतं. सीट काढून वायरिंगच्या कनेक्टरमध्ये, हेडलाइटच्या आत आणि मीटरच्या काचेखाली वाळलेला गाळ किंवा पांढरी पूड दिसते का बघा.

आणि हो, 'मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी पार्सलने पाठवतो, आधी टोकन टाका' असा मेसेज आला की ब्लॉक करा. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हे विकतानाही लक्षात असू द्या.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

दिवसा जा, पाऊस नसताना जा. आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचलात की इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर चहा घ्या, तासाभराने परत या. थंड इंजिन खोटं बोलत नाही.

फोनचा व्हिडिओ चालू करून पहिला स्टार्ट रेकॉर्ड करा. सेल्फ दोन-तीनदा मारावा लागला तर बॅटरी किंवा त्याहून काही. सायलेन्सरमधून सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, ती चालते. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल खातंय. पिस्टन रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्ह सील, म्हणजे इंजिन उघडण्याचं काम. टू-स्ट्रोकला हा नियम लागू नाही, तिथे ऑइल पेट्रोलसोबत जळतंच. आवाज रेकॉर्ड करून घरी हेडफोन लावून ऐका, किंवा तुमच्या गॅरेजवाल्याला पाठवा. टॅपेटची बारीक टकटक स्वस्तात जाते. खालून येणारा जड ठोका स्वस्तात जात नाही.

बीएस-६ गाडीत चावी फिरवली की पिवळा इंजिनचा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागतच नसेल, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केला असू शकतो.

आता किलोमीटर. डिजिटल मीटरमधला आकडा एका छोट्या मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो, आणि तो बदलणं सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेतून बघितलं तर अजिबात अवघड नाही. अनॉलॉग मीटरला तर नुसती केबल काढून ठेवली की झालं. म्हणून मीटरवरचा आकडा हा एक दावा समजा आणि तो दुसरीकडून तपासा. रोज २५ किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस धरले तर ७,५०० होतात; आठ वर्षांचे ६०,०००. मीटर १९,००० दाखवत असेल तर बाकीचं कुठे गेलं? सर्व्हिसच्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, ती क्रमाने लावा. बिलं नसतील तर गाडीच बोलते: फुटरेस्टचं झिजलेलं रबर, गुळगुळीत झालेली ग्रिप, डिस्कच्या कडेला बोटाला लागणारा उंचवटा, शार्कच्या पंखासारखे वाकलेले स्प्रॉकेटचे दाते. १९,००० किलोमीटरमध्ये एवढं सगळं होत नाही.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक असल्या तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं. दोन्ही टायर, चेन सेट आणि बॅटरी बदलायची असेल तर ती रक्कम किमतीतून वजा करून बोला.

अपघाताची खूण शोधायची सगळ्यात चांगली जागा आरशात किंवा टाकीवर नाही, तिथे नवा पार्ट लावता येतो. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवलं की ते जिथे अडतं, तो फ्रेमवरचा छोटा स्टॉपर बघा. चेपलेला, पुन्हा वेल्ड केलेला किंवा फक्त तेवढाच नव्याने रंगवलेला असेल तर गाडी समोरून जोरात आपटलेली असू शकते. मग पुढचं चाक हवेत राहील अशी मेन स्टँडवर गाडी लावा आणि हँडल हळू फिरवा. मध्यभागी खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट गेला. शॉकअपच्या नळीवर ऑइलचा ओघळ दिसला तर सील गेलंय. मागचं चाक हाताने फिरवून स्लो-मोशनमध्ये शूट करा. चाक आउट असेल किंवा चेन एका जागी ताणली जात असेल तर डोळ्याला न दिसणारं तिथे स्पष्ट दिसतं. फोनचा टॉर्च टाकीत टाका. पेट्रोलजवळ आहात, सिगारेटवाल्या मित्राला लांब उभं करा.

टेस्ट राइडला निदान पाच किलोमीटर जा. जाताना फोनचं जीपीएस चालू ठेवा आणि परत आल्यावर अंतर मीटरशी ताडून बघा. थोडा फरक चालतो. मीटर हललंच नाही तर तुम्हाला उत्तर मिळालं. रिकाम्या, सरळ रस्त्यावर हँडलवरची पकड किंचित सैल करा. गाडी सतत एका बाजूला ओढत असेल तर चाकांची रेघ किंवा फ्रेम बघून घ्यावी लागेल. वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपल्या.

कागद, आणि पैसे कधी द्यायचे

इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा, फोटो काढा. नंबरावर घासल्याच्या खुणा असतील तर गाडी कितीही आवडली तरी सोडून द्या.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडीवर कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५; 'कर्ज फेडलंय, फक्त नोंद काढायची राहिलीये' हे विक्रेत्याचं काम आहे, तुमचं नाही. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, आणि इथे पुन्हा कर. म्हणून ती स्वस्त दिसते. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट लागली आहे का तेही बघा, नाहीतर आरटीओतलं काम अडू शकतं.

कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत नावबदलाचा अर्ज करायचा असतो. अनेक जण नुसता सही केलेला फॉर्म खिशात ठेवून वर्षानुवर्षं फिरतात. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी विकली असली तरी रजिस्टरमध्ये ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावर येते. म्हणजे नाव न बदलण्यात विकणाऱ्याचाच जास्त धोका आहे. नावबदलासाठी घाई करताना हे त्याला नीट समजावून सांगा, तो स्वतःच तुमच्याबरोबर आरटीओत येईल.

सगळी रक्कम पहिल्या दिवशी देऊ नका. टोकन, मग फॉर्मवर सह्या झाल्यावर मोठा हप्ता, आणि थोडी रक्कम ॲपमध्ये तुमचं नाव दिसेपर्यंत मागे. हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, पैसे यूपीआय किंवा बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळही लिहा. त्याआधीची चलानं त्याची, नंतरची तुमची.

विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्यायचा असतो. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीसोबत येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाव बदलेपर्यंत तुमच्या उपयोगाचा नाही. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, त्यामुळे प्रीमियम थोडा वाढतो.

गाडीच्या किमतीवर दहा-बारा हजार वेगळे ठेवा. विक्रेता 'कालच सर्व्हिस केली' म्हणाला असला तरी पहिल्याच रविवारी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल आणि क्लच केबल बदलून घ्या आणि त्या दिवसाचे किलोमीटर फोनमध्ये लिहून ठेवा.